घरटी एक माणूस

पूर्व भूतानमध्ये ट्राशिगांगच्या वरच्या अंगाला डोंगरात एक गाव आहे. तिथल्या ल्हाखांगच्या, म्हणजे गावच्या मंदिराच्या अंगणात सकाळी हजेरी चालली होती. छोग्पा, म्हणजे लोकांनी निवडून दिलेला वस्तीचा प्रतिनिधी, पुठ्ठ्याच्या वहीतून एकेका घराचे नाव वाचत होता आणि त्या त्या घरातून आलेला माणूस ‘लासो ला’ म्हणून ओ देत होता. नाव घराचे होते, माणसाचे नव्हे. कोणी मुलगा आला होता, कोणी सून, कोणी स्वतः घरधनी; वहीला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते. सत्तरीकडे झुकलेल्या, केस अगदी बारीक कापलेल्या एका आजींनी आपल्या घराला ओ दिली आणि पुढची चार-पाच नावे झाल्यावर आणखी एका घराला ओ दिली. कोणी मान वळवून पाहिले नाही. छोग्पाने दोन्ही ठिकाणी सारखीच खूण केली. ते दुसरे घर कित्येक वर्षे कुलूपबंद होते. म्हातारा-म्हातारी मुलाकडे थिंफूला गेली होती आणि मुलगी ऑस्ट्रेलियात, पर्थला. आजी त्या दिवशी आपल्या घराचे काम करणार होत्या आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तुकडीबरोबर, त्या बंद घराचे.

ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. परक्याच्या बंद घरासाठी या वयात दगड वाहायला कोणी का यावे, असा तो साधा प्रश्न होता. ममता, शेजारधर्म, बुद्धाची करुणा अशी उत्तरे चटकन सुचत होती आणि भूतानविषयी आपण जे ऐकलेले असते त्यात ती चपखल बसतही होती. पण हजेरीच्या वेळी आजींच्या आवाजात करुणेचा ओलावा मला जाणवला नव्हता. रेशनच्या रांगेत आपला क्रमांक सांगावा इतक्या सरळपणे त्यांनी ते नाव आपल्या अंगावर घेतले होते.

काम पाटाचे होते. पावसाळ्यापूर्वी भातखाचरांकडे येणारा पाणीपाट साफ करायचा आणि दरड कोसळून बुजलेला त्याचा एक तुकडा पुन्हा बांधून काढायचा. मी घरगुती पाहुणी म्हणून त्या गावात राहत होते, त्यामुळे मलाही एक लहान फावडे मिळाले. त्याने माझ्याकडून झाले ते फार नव्हते. पण तिथे बसून जे पाहता आले ते मोलाचे होते. पुरुष घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, कमरेपर्यंत सोडून त्याच्या बाह्या पोटाशी बांधून कामाला लागले. बायकांनी किरा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायची घोळदार वस्त्रे, गुडघ्यापर्यंत खोचून घेतल्या. दगड पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत भरायचे आणि टोपलीचा पट्टा कपाळावर घ्यायचा. आजींच्या कपाळावर त्या पट्ट्याची जागा अशी गुळगुळीत झाली होती की तिथे सुरकुती पडायची राहूनच गेली होती. त्या चढावर दर वेळी एकाच ठिकाणी थांबत, टोपली न उतरवता बांधावर टेकवत, कमरेच्या घडीतून डोमाचा, म्हणजे पानसुपारीचा, पुडा काढत, नागवेलीच्या पानाला बोटाने चुना लावत आणि अर्धी सुपारी गालात ठेवून पुन्हा निघत. हवेत ओल्या मातीचा आणि चुन्याचा मिसळलेला वास होता. वर ल्हाखांगपाशी कोणीतरी जुनिपरच्या फांद्या पेटवल्या होत्या आणि त्यांचा पांढरा धूर दरीत उतरत होता. दुपारी सगळे जण आपापल्या बांगचुंग उघडून बसले. बांबूच्या दोन वाट्या एकमेकींवर घट्ट बसवलेला तो डबा. आत तांदळात शिजवलेला मक्याचा भरडा आणि चीजमधल्या मिरच्या. आपल्या डब्यातले थोडे शेजाऱ्याला दिल्याशिवाय कोणी घास घेत नव्हते, आणि बोलणे चालले होते ते रानडुकरांनी कोणाचा मका किती खाल्ला याचे.

भूतानमध्ये गावाचे सारे सामाईक जीवन ‘गुंग’वर, म्हणजे घरावर बेतलेले आहे. घराला क्रमांक असतो, जमिनीचा खाते-क्रमांक वेगळा असतो, आणि पाट, पायवाट, ल्हाखांगचे छप्पर, वार्षिक पूजेचा खर्च, पाहुण्या लामांचा मुक्काम, यांतला वाटा घरटी ठरतो. ही पद्धत लोकांच्या स्वेच्छेतून उगवली असे मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. सतराव्या शतकात झाबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी सिमतोखा, पुनाखा यांसारखे झोंग, म्हणजे मठ आणि कचेरी एकत्र असलेले किल्ले, उभारले, तेव्हापासून पुढे तीनशे वर्षे या देशात कराचा मोठा भाग धान्य, लोणी, कापड आणि अंगमेहनत या रूपातच भरला जात होता. अधिकाऱ्यांची ओझी एका खिंडीतून दुसऱ्या खिंडीपर्यंत वाहणे, खेचरांचे रस्ते राखणे, झोंगच्या भिंती लिंपणे, हे सारे ‘वूला’ नावाच्या श्रमकरात येत असे. एकोणीसशे पन्नासच्या दशकात तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी दास्यप्रथा संपवली, तरी घरटी मजुरी निरनिराळ्या रूपांत बरीच वर्षे टिकून राहिली. माझ्या यजमान घरातले मेमे, म्हणजे आजोबा, लहानपणी वडिलांबरोबर सरकारी ओझी वाहून दोन-दोन दिवस चाललेले होते. त्या आठवणी सांगताना त्यांच्या तोंडावर गोडवा अजिबात नव्हता. पेरणीचे दिवस असोत की घरात आजारी माणूस असो, हुकूम आला की निघावे लागे, एवढेच ते म्हणाले आणि लोणी-अंडे घालून गरम केलेल्या आराचा, म्हणजे घरगुती दारूचा, पेला त्यांनी पुढे केला.

तेव्हा आज ज्याला आपण कौतुकाने सामुदायिक परंपरा म्हणतो, तिच्या पायात सक्तीचे दगड आहेत. ते नाकारून तिच्याविषयी काही बोलण्यात अर्थ नाही.

पण त्या सक्तीतूनच काहीतरी दुसरे वाढत गेले, हेही तितकेच खरे आहे. राजाची ओझी वाहण्यासाठी ज्या वहीत घर नोंदले गेले, त्याच वहीने पुढे गावाला कळू लागले की कोणत्या घरात आज मृत्यू आहे, कोणाचे छप्पर गळते आहे, कोणाकडे नांगर धरायला माणूस नाही. कोणाच्या घरी मृत्यू झाला तर इतर घरांनी पैसे, तांदूळ, दिव्यांसाठी लोणी घेऊन जायचे. याला ‘सेमसो’ म्हणतात. चितेसाठी लाकूड लागते, ते वाहायला माणसे लागतात, आणि डोंगरात ती सगळी चालत येतात. कोणी काय आणले याची बहुतेक घरांत नोंद ठेवली जाते, कारण उद्या त्यांच्या दारी तेवढे तरी न्यायला हवे.

नोंद ठेवणे मला पहिल्यांदा खटकले होते. देणे निर्हेतुक असावे, असे आपल्या शिकलेल्या मनाला वाटते. पण माझे आजोळ कोकणात आहे, आणि विचार करता करता मला तिथली भातलावणी आठवली. आजोळी सावडीवर लावणी व्हायची. आज यांच्या खाचरात दहा माणसे, उद्या त्यांच्या. कोणाकडून किती माणसे आली आणि आपल्याकडून किती गेली, हे आजीला तोंडपाठ असे आणि त्यात एका माणसाचीही चूक ती होऊ देत नसे. सावड फेडायची राहिली तर तिला झोप लागत नसे. पुढे मामा मुंबईला गेले, घराला कुलूप लागले, गणपतीला आणि शिमग्याला ते उघडू लागले. गावकीची वर्गणी मात्र दर वर्षी न चुकता जात राहिली. लावणीला माणूस पाठवणे थांबले ते थांबलेच. कोकणातली कुलुपे ज्याने पाहिली आहेत, त्याला पूर्व भूतानमधली कुलुपे ओळखीची वाटतात. दाराच्या कडीवरचा तसाच गंज, अंगणात गुडघ्याएवढे तसेच गवत.

तिथे या घरांना ‘गुंगतोंग’ म्हणतात, म्हणजे वहीत नाव असलेले पण आत माणूस नसलेले घर. ट्राशिगांग, मोंगर, ल्हुंत्से, ट्राशियांगत्से या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत हा प्रश्न फार दिवसांपासून गंभीर आहे. मुले शिकली, नोकरीला थिंफूला गेली, मागोमाग आई-वडील नातवंडे सांभाळायला गेले. अलीकडच्या वर्षांत त्यापुढची मजल ऑस्ट्रेलिया झाली आहे. साडेसात लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशातून तरुण शिक्षक, परिचारिका, सरकारी अधिकारी हजारोंनी बाहेर पडले, की त्याची झळ प्रत्येक गावाला लागते. घर रिकामे झाले की शेत पडीक होते, पडीक शेतात झाडोरा वाढतो, झाडोऱ्यातून रानडुकरे आणि माकडे उरलेल्या शेतांपर्यंत पोहोचतात. देशाचा किमान साठ टक्के भूभाग कायम वनाखाली राहील, असे २००८ च्या भूतानच्या राज्यघटनेतच लिहिलेले आहे आणि त्याचा मला मनापासून आदर वाटतो. पण मक्याच्या दिवसांत रात्रभर मचाणावर बसून डबा वाजवणाऱ्या साठ-पासष्ट वर्षांच्या माणसाला त्या जंगलाची वेगळी बाजू दिसते. राखण करणारी घरे कमी झाली की उरलेल्यांची पाळी लवकर लवकर येते. पाटाचेही तसेच. पाटाची लांबी तेवढीच राहते, टोपल्या तेवढ्या कमी होतात.

आजींशी बोलायचा योग संध्याकाळी आला. त्यांना हिंदी येत नव्हते आणि मला त्यांची शारचोप भाषा येत नव्हती. माझ्याबरोबरचा वाटाड्या तरुण टीव्हीवर शिकलेल्या अस्खलित हिंदीत मधले बोलणे सांभाळत होता. बुखारीत लाकडे घालत त्यांनी जे सांगितले ते असे. २१ सप्टेंबर २००९ च्या भूकंपात त्यांच्या घराची दगडी भिंत एका बाजूने पूर्ण बसली. पूर्व भूतानमध्ये त्या भूकंपात बारा माणसे गेली आणि दगड-मातीची असंख्य घरे तडकली. आजींचे कुटुंब तो सारा हिवाळा त्या शेजारच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहिले. भिंत पुन्हा बांधताना त्या घरातली तीन माणसे रोज येत होती. त्या दिवसांपैकी किती फेडायचे राहिले आहेत, हे आजींना नेमके ठाऊक होते. शिवाय बंद घराच्या मागचे अक्रोडाचे झाड आणि दोन खाचरे आता त्याच वापरत होत्या, आणि पाटाचे काम चुकले असते तर त्या खाचरांच्या पाण्यावर त्यांचा हक्क कोणत्या तोंडाने सांगायचा? आणि तिसरी गोष्ट त्या जरा थांबून बोलल्या. हजेरीत घराचे नाव आले आणि कोणी ओ दिली नाही, असे दोन-चार वर्षे झाले की छोग्पा ते नाव घेणे सोडून देतो. मग थिंफूच्या मुलाला परत यायचे झाले, तर तो कोणत्या गावात येणार?

कर्ज, फायदा आणि माया यांचे तीन धागे त्यांनी इतक्या सहज एकत्र वळले होते की मला त्यातला एक वेगळा काढून तोच खरा असे म्हणता येईना. मला वाटते, ती दोरी टिकते ती तिन्हींमुळे.

नव्या भूतानची स्वयंसेवा याहून वेगळी आहे आणि तीही मी जवळून पाहिली. कांगलुंगला बाजाराच्या तोंडाशी भगव्या-नारिंगी गणवेशातली एक तरुणी वाहने थांबवून शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देत होती. ती देसूप, म्हणजे ‘देसुंग’ या स्वयंसेवक दलाची सदस्य होती. पाचवे राजे जिग्मे खेसर नामग्याल वांगचुक यांच्या पुढाकाराने २०११ मध्ये ‘देसुंग’ सुरू झाले. नावनोंदणी ऐच्छिक, काही आठवड्यांचे खडतर प्रशिक्षण, आणि मग आपत्ती असो की उत्सव, बोलावणे येईल तेव्हा हजर व्हायचे. २०१२ च्या जूनमध्ये वांगदी फोद्रांगचा जुना झोंग जळाला, तेव्हा आगीतून मूर्ती आणि पोथ्या बाहेर काढणाऱ्यांत या गणवेशातली माणसेही होती. कोविडच्या काळात दक्षिण सीमेवर रात्रंदिवस गस्त, विलगीकरणातल्या लोकांचे जेवण, घरोघर औषधे पोहोचवणे, हे सारे त्यांनी सांभाळले. २७ मार्च २०२१ ला देशभर लसीकरण सुरू झाले आणि अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत पात्र प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना पहिली मात्रा मिळाली. दुर्गम वस्त्यांपर्यंत लसीच्या पेट्या पोहोचवण्यात देसूपांचे पाय होते. पश्चिमेच्या ‘हा’ नावाच्या जिल्ह्यापासून पूर्वेच्या ट्राशिगांगपर्यंत जाणारी सुमारे चारशे किलोमीटरची जुनी पायवाट, जिच्यावरून कधी काळी राजाचे जासूद धावत असत, तीही झाडोऱ्यातून मोकळी करण्यात त्यांचे हात होते आणि २०२२ मध्ये ती पुन्हा चालती झाली.

कांगलुंगच्या त्या तरुणीने टाळेबंदीतले महिने भारताच्या सीमेवरच्या फुन्त्शोलिंगला काढले होते. घरापासून इतक्या दूर, अनोळखी माणसांसाठी काम करताना आपल्याला पहिल्यांदा देश म्हणजे काय ते कळले, असे ती म्हणाली. तिचे डोळे हे बोलताना भरून आले होते आणि ते भरून येणे खरे होते. मी तिला विचारले, तुझ्या गावच्या पाटाच्या कामाला तू जातेस का. ती म्हणाली, गाव दूर आहे, तिथे आई जाते.

या उत्तरात तिला दोष द्यावा असे काही नाही. कामामागची हाकच बदलली आहे. गावाची हाक घराला असते आणि देसुंगची माणसाला. पहिलीत कोणाला ‘मला वाटले म्हणून आलो’ असे म्हणायची मुभा नाही; दुसरीचे सगळे तेज त्या मुभेतच आहे. माणूस स्वतः होऊन पुढे येतो तेव्हा त्याच्या कामात एक उमेद असते, ती मी त्या तरुणीत पाहिली आणि पाटावरच्या थकलेल्या चेहऱ्यांत पाहिली नाही. मात्र पाट दर वर्षी बुजतो. उमेद दर वर्षी तेवढीच असेल याची खात्री कोणी द्यावी?

आणि मोजदादीची एक काळी बाजूही इथेच नोंदवली पाहिजे, कारण घरांची वही जितकी आसरा देते तितकीच ती बाहेरही काढू शकते. १९८८ च्या जनगणनेत दक्षिण भूतानमधल्या नेपाळी भाषक ल्होत्शांपा लोकांकडे १९५८ सालच्या रहिवासाचा पुरावा, बहुधा जमिनीच्या कराची पावती, मागितली गेली. ज्यांना ती दाखवता आली नाही त्यांची नावे परक्यांत गेली. पुढच्या काही वर्षांत एक लाखाच्या आसपास माणसे पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत पोहोचली, आणि त्यांतली बहुतेक नंतर अमेरिका आणि इतर देशांत वसवली गेली. पिढ्यान्‌पिढ्या पाट खणलेले आणि रस्ते राखलेले हात त्यांत होते. एका जुन्या कागदावाचून ते हात मोजले गेले नाहीत. भूतानच्या सामुदायिक जीवनावर प्रेमाने लिहिताना हे गाळले, तर पाटावरच्या त्या दिवसाविषयी मी लिहिलेलेही अर्धवट राहील.

राज्यघटनेच्या आठव्या कलमात नागरिकांची कर्तव्ये सांगितली आहेत. अपघात आणि नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्यांना होईल तेवढी मदत करणे हे त्यांतले एक आहे आणि संसदेने बोलावल्यास राष्ट्रसेवा करणे हे दुसरे. २०२४ पासून ‘ग्यालसुंग’ ही सक्तीची राष्ट्रसेवा सुरू झाली आणि अठरा वर्षांच्या मुलामुलींची पहिली तुकडी प्रशिक्षणाला गेली. म्हणजे हाक पुन्हा सक्तीची झाली, फक्त ती आता घराला नाही, एकेका तरुण जिवाला आहे. निरनिराळ्या खोऱ्यांतली, एकमेकांच्या बोली न कळणारी मुले एका बराकीत राहतात, याचे मोल मी कमी समजत नाही. त्या गावातला एक मुलगा नुकताच तिथून परतला होता. तो पाटावर उत्साहाने दगड फोडत होता आणि दुपारी मला थिंफूच्या महाविद्यालयाची प्रवेशाची तारीख सांगत होता. त्याच्या आईने ते ऐकले आणि ती मान खाली घालून डब्यातला भात सारखा करत राहिली.

पाटाचे काम संपल्यावर ल्हाखांगच्या अंगणात झोमदू, म्हणजे गावची बैठक बसली. विषय हाच होता. बाहेर गेलेली घरे मोबाइलवरून लगेच पैसे पाठवतात, पाठवायला तयारही असतात. मग त्या पैशांतून मजूर लावून पाट का राखू नये? तरुण मंडळी या बाजूची होती आणि त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण टोपली कपाळावर घेणाऱ्यांचे सरासरी वय त्यांना दिसत होते. एका म्हाताऱ्या गोमछेननी, घरसंसार सांभाळून पूजापाठ करणाऱ्या त्या गृहस्थांनी, एवढेच विचारले की पैसे आले तर मजूर मिळतील, पण मेलेल्या माणसाला न्यायला मजूर बोलवायचे का. त्यावर बराच वेळ वाद झाला, आवाजही चढले. एका बाईंनी आपल्या सासऱ्यांच्या वेळी चितेची लाकडे वाहायला केवळ सहा माणसे होती, हे नावे घेऊन सांगितले. मग डोमा फिरला, चहा फिरला, आणि छोग्पाने वहीत लिहून घेतले: पाट आणि पायवाट यांच्यासाठी गैरहजर घराकडून पैसे चालतील, अंत्यसंस्कार आणि ल्हाखांगची वार्षिक पूजा यांना मात्र घरटी एक माणूस आलाच पाहिजे, स्वतः किंवा कोणाला तरी सांगून. दुसऱ्याच्या घरासाठी एका माणसाने किती वेळा उभे राहावे, यावर एकमत झाले नाही. तो मुद्दा मक्याच्या कापणीनंतरच्या बैठकीवर ठेवला गेला.